डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

३ सप्टेंबर २००७ रोजी सकाळी अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात एका खाजगी धावपट्टीवरून एक हलके विमान आकाशात उडाले. विमानात एकटे स्टीव्ह फॉसेट होते. साहसी उड्डाणांसाठी त्यांचे नाव जगभर गाजलेले होते. २००२ साली त्यांनी फुग्यातून, एकट्याने आणि वाटेत कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. २००५ साली तोच पराक्रम त्यांनी विमानातून, मार्गात इंधन न भरता करून दाखविला होता. अशा कसलेल्या वैमानिकाला त्या दिवशीचे उड्डाण म्हणजे केवळ एक फेरफटका होता. परंतु काही तासांत परतावयाचे ते विमान परतलेच नाही.

लवकरच शोध सुरू झाला. नेव्हाडा हा उघड्याबोडक्या डोंगररांगांचा आणि त्या रांगांमध्ये पसरलेल्या कोरड्या खोऱ्यांचा प्रदेश आहे. त्याच्या पश्चिमेला सिएरा नेव्हाडा पर्वताची उत्तुंग शिखरे उभी आहेत. अशा सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर मुलखात एक लहानसे विमान शोधावयाचे होते. दररोज अनेक विमाने निरनिराळ्या दिशांना जात. प्रत्येक विमानातील माणसे खिडकीला डोळे लावून खालचा दगड न् दगड न्याहाळीत.

या कामी पुढे आलेल्या वैमानिकांत पगारी सैनिकांबरोबर पुष्कळसे स्वयंसेवक होते. ते 'सिव्हिल एअर पेट्रोल' या संघटनेचे सभासद होते. ही संघटना १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झाली. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली. तेव्हा या सामान्य नागरिकांनी स्वतःची लहान विमाने घेऊन समुद्रकिनाऱ्यावर गस्त घातली आणि शत्रूच्या पाणबुड्यांवर पाळत ठेवली. युद्धकाळात संघटनेच्या साठाहून अधिक स्वयंसेवकांनी प्राण गमावले. १९४८ साली या संघटनेला अमेरिकी हवाई दलाची अधिकृत साहाय्यक संघटना म्हणून मान्यता मिळाली. हरवलेली विमाने आणि वाट चुकलेली माणसे शोधणे हे तिचे एक मुख्य कार्य होऊन बसले. बारा वर्षांची मुलेमुलीही तिच्यात छात्र म्हणून दाखल होऊ शकतात. योग्य शिक्षण घेतल्यावर ती जमिनीवरील शोधपथकांत किंवा बिनतारी यंत्रापाशी कामही करतात.

शोध घेणारे डोळे तीक्ष्ण असले म्हणजे काम भागले, असे कोणासही वाटेल. परंतु डोळ्यांइतकीच येथे वाणीची गरज असते. एका विमानाने जो भाग पाहिला तोच दुसऱ्याने पुन्हा पाहू नये, खोऱ्यात काही चकाकताना दिसले तर ते ताबडतोब मुख्य तळाला कळावे, जमिनीवरील पथकाला वाट दाखविता यावी आणि शोधास गेलेले विमानच संकटात सापडले तर तेही लगेच समजावे, या सर्वांसाठी बोलणे अखंड चालू राहिले पाहिजे. संभाषणाचा धागा तुटला की दहा विमाने असूनही प्रत्येक विमान एकटे पडते.

मग आकाशातील विमान आणि शंभर किलोमीटर दूर, डोंगरांपलीकडे असलेला तळ यांचे बोलणे होते तरी कसे? हे समजण्यासाठी प्रथम रेडिओलहरींचा स्वभाव पाहिला पाहिजे.

अशा शोधकार्यात वापरल्या जाणाऱ्या बिनतारी यंत्रांच्या लहरी एका सेकंदात सुमारे पंधरा कोटी वेळा कंप पावतात. शास्त्रीय भाषेत त्यांची कंपनसंख्या सुमारे १५० मेगाहर्ट्झ असते. अशा लहरीची लांबी सुमारे दोन मीटर भरते. या लहरींवरून आवाज स्वच्छ ऐकू येतो, यंत्रही लहान असते आणि त्याचा एरियल हातात मावेल एवढाच पुरतो. परंतु त्यांचा एक मोठा दोष आहे. त्या बहुतांशी प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की त्याच्यामागे जशी उन्हाची सावली पडते, तशीच या लहरींचीही सावली पडते. त्या सावलीत बसलेल्या माणसाला पलीकडचे काही ऐकू येत नाही.

डोंगर नसला तरी पृथ्वीची गोलाई आड येतेच. समुद्रकिनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला दूर जाणारे गलबत क्षितिजाखाली बुडताना दिसते. लहरींनाही असेच क्षितिज असते. ते डोळ्यांच्या क्षितिजापेक्षा किंचित दूर असते एवढेच. जमिनीवर उभ्या राहून बोलणाऱ्या माणसाच्या हातातील यंत्राला हे क्षितिज सपाट मैदानात अवघ्या पाच किलोमीटरवर लागते. उंची वाढली की मात्र क्षितिज दूर सरते. जमिनीपासून ३०० मीटर उंचीवर उडणाऱ्या विमानाला ते सुमारे ७० किलोमीटरवर असते. भोवतालच्या मैदानापेक्षा १,००० मीटर उंच असलेल्या शिखरावर एरियल उभारला, तर त्याचे क्षितिज सुमारे १३० किलोमीटरवर जाते. येथे यंत्राच्या शक्तीपेक्षा उंचीचेच महत्त्व अधिक आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. एका टेकडीच्या दोन बाजूंना दोन वाड्या आहेत. या वाडीतील हाक त्या वाडीत पोहोचत नाही. परंतु टेकडीच्या माथ्यावर एखादा गुराखी बसला असेल तर त्याला दोन्ही वाड्या दिसतात. एका वाडीतील माणसाने त्याला हाक मारून निरोप सांगावा आणि त्याने तोच निरोप दुसऱ्या वाडीकडे तोंड करून मोठ्याने ओरडावा, म्हणजे काम झाले. निरोप्या माथ्यावर असल्यामुळे टेकडीची अडचण उरत नाही. उलट टेकडीचाच उपयोग होतो.

बिनतारी यंत्रांच्या जगात हे गुराख्याचे काम करणाऱ्या यंत्राला 'रिपीटर' म्हणतात. ऐकलेले पुन्हा बोलणारे यंत्र, असा त्याचा अर्थ. ते उंच शिखरावर किंवा उंच मनोऱ्यावर बसविलेले असते. त्याचे तीन मुख्य भाग असतात: दुरून आलेल्या क्षीण लहरी टिपणारा ग्राहक, तोच आवाज नव्या जोमाने बाहेर पाठविणारा प्रक्षेपक आणि या दोघांवर देखरेख करणारे नियंत्रक यंत्र. गुराखी निरोप पुरता ऐकून मग ओरडतो. रिपीटर मात्र एका बाजूने ऐकता ऐकताच दुसऱ्या बाजूने बोलत असतो. त्यामुळे दोघांच्या संभाषणात खंड पडत नाही.

येथे एक शंका येईल. जो स्वतः मोठ्याने बोलत आहे त्याला त्याच क्षणी दुसऱ्याचे हळू बोलणे कसे ऐकू येणार? ही अडचण खरी आहे. म्हणून रिपीटर एका कंपनसंख्येवर ऐकतो आणि दुसऱ्या कंपनसंख्येवर बोलतो. विमानातील यंत्राची रचना नेमकी उलटी असते. रिपीटर ज्या कंपनसंख्येवर ऐकतो त्या कंपनसंख्येवर ते बोलते आणि रिपीटर ज्या कंपनसंख्येवर बोलतो त्या कंपनसंख्येवर ते ऐकते. तरीही रिपीटरचा स्वतःचा प्रबळ आवाज त्याच्या कानांत शिरण्याचा धोका राहतोच. तो टाळण्यासाठी एरियल आणि यंत्र यांच्यामध्ये धातूच्या पोकळ नळकांड्यांची एक गाळणी बसवितात. ही गाळणी येणाऱ्या लहरींना एका वाटेने आणि जाणाऱ्या लहरींना दुसऱ्या वाटेने नेते. त्यामुळे एकच एरियल कान आणि मुख या दोहोंचे काम करू शकतो.

शिखरावरील या निरोप्याचे जीवन सुखाचे नसते. तेथे वादळी वारे वाहतात, विजा कोसळतात आणि हिवाळ्यात एरियलवर बर्फाचे थर चढतात. पुष्कळ ठिकाणी विजेच्या तारा पोहोचलेल्या नसतात. तेथे सौरपट्ट्या दिवसभर उन्हापासून वीज तयार करतात आणि ती विद्युतघटांत साठविली जाते. रिपीटरला त्याच साठ्यावर रात्र काढावी लागते. यंत्र बिघडले तर कोणीतरी डोंगर चढून ते दुरुस्त करावे लागते. विमाने उडविणाऱ्यांचे कौतुक सर्वजण करतात. परंतु कडाक्याच्या थंडीत शिखरावर जाऊन एखादी सैल झालेली तार घट्ट करणारा मनुष्यही त्याच कार्याचा वाटेकरी असतो.

जमिनीवरील माणसाला रिपीटर फारच उपकारक ठरतो. पाच किलोमीटरच्या मर्यादेत अडकलेला त्याचा आवाज शिखरावरून एकदम शंभरावर किलोमीटर दूर जातो. मग उंच उडणाऱ्या विमानाला तर रिपीटरची गरजच नसावी, असे वाटणे साहजिक आहे. परंतु शोध घेणारे विमान उंच उडत नाही. उंचावरून मोडकेतोडके लहान विमान दिसत नाही. एखाद्या खडकावरील चुन्याच्या ठिपक्यासारखे ते भासते. म्हणून शोधविमान जमिनीपासून सुमारे ३०० मीटरवर, ताशी १६० ते १७० किलोमीटर वेगाने, दरीच्या कडेकडेने उडते. अशा वेळी भोवतालची शिखरे विमानापेक्षा उंच असतात. तळाकडे जाणारी सरळ रेषा डोंगरात अडते. परंतु तेथून एखादे रिपीटरचे शिखर दिसत असेल, तर विमानाचा आवाज त्या शिखरावरून तळापर्यंत पोहोचतो.

याच्या अगदी उलट अडचण विमान उंच चढल्यावर येते. मैदानापासून ३,००० मीटर उंचीवरील विमानाचे क्षितिज सुमारे २२५ किलोमीटरवर असते. एवढ्या उंचीवरून त्याला एक नव्हे, अनेक शिखरे दिसतात. मोकळ्या कंपनसंख्या थोड्या आणि रिपीटर पुष्कळ, त्यामुळे दूरदूरच्या रिपीटरांना एकच जोडी वाटून दिलेली असते. जमिनीवरील माणसाला याचा त्रास होत नाही, कारण त्याचा आवाज फक्त जवळच्या रिपीटरला ऐकू जातो. पण विमानातून बोललेला एक शब्द तीन-चार शिखरांवर एकाच वेळी पोहोचतो. मग तीन-चार निरोपे एकदम ओरडू लागतात. ज्यांचा या कामाशी काही संबंध नाही अशा दूरच्या लोकांच्या बोलण्यात व्यत्यय येतो आणि विमानातही दोन-तीन शिखरांचे आवाज एकमेकांवर आदळून केवळ खरखर ऐकू येते.

ही अडचण दूर करण्यासाठी एक सुरेख युक्ती काढलेली आहे. बोलणाऱ्याच्या आवाजाबरोबर एक अतिशय खर्जातील सूर पाठविला जातो. तो एका सेकंदात ६७ पासून सुमारे २५० वेळांपर्यंत कंप पावणारा असतो. ऐकणाऱ्याच्या यंत्रातून तो गाळून टाकलेला असल्यामुळे माणसाच्या कानाला तो जाणवत नाही. प्रत्येक रिपीटरला स्वतःचा एक सूर नेमून दिलेला असतो. तो सूर ऐकू आला तरच रिपीटर जागा होतो. एरवी कोणी कितीही बोलले तरी तो मौन पाळतो. वर्गात सर्वांचे कान शाळामास्तरांकडे असतात, परंतु ज्याचे नाव पुकारले तोच विद्यार्थी उभा राहतो. सुराचे काम असेच आहे. काही नव्या यंत्रांत सुराऐवजी अंकांचा संकेत पाठवितात. तत्त्व मात्र तेच.

तथापि सुरानेही सर्व अडचणी संपत नाहीत. सूर वेगळा असला तरी लहरी त्या दूरच्या रिपीटरच्या एरियलवर आदळतातच. तेथील एखादा मनुष्य दुर्बळ यंत्रावरून बोलत असेल तर विमानाच्या प्रबळ लहरींखाली त्याचा आवाज दबून जाऊ शकतो. म्हणून विमानातील माणसे काही नियम कसोशीने पाळतात. समोरचा मनुष्य दृष्टीच्या टप्प्यात असेल तर रिपीटर न वापरता सरळ त्याच्याशीच बोलावे. रिपीटर वापरणे भाग असेल तर सर्वांत जवळचा निवडावा. यंत्राची शक्ती लागेल तेवढीच ठेवावी. आणि बोलणे शक्य तितके थोडक्यात आटोपावे. उंचीवर बसलेल्याचा आवाज दूरवर जातो. म्हणूनच त्याने अधिक संयमाने बोलावे लागते.

आता शोधाच्या एका दिवसाचे चित्र डोळ्यांसमोर आणू. नकाशावर अक्षांश-रेखांशांच्या पाव पाव अंशांचे चौकोन आखलेले असतात. नेव्हाडाच्या अक्षांशावर असा चौकोन दक्षिणोत्तर सुमारे २८ किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारे २१ किलोमीटर भरतो. एका विमानाला एक चौकोन किंवा त्याचा एक भाग नेमून दिला जातो. विमानात वैमानिक असतो, त्याच्या शेजारी निरीक्षक असतो आणि मागे टेहळणी करणारा एक सोबती असतो. वैमानिकाने आपले लक्ष उड्डाणावर ठेवावयाचे. शोधपथकाच्या बिनतारी यंत्राची जबाबदारी निरीक्षकाकडे असते. शेतकरी नांगराचे तास घालतो त्याप्रमाणे विमान पुढे जाते, वळते, थोडे अंतर सोडून परत येते. दोन तासांमध्ये दीड किलोमीटर अंतर ठेवले तर असा पूर्ण चौकोन पाहून होण्यास सुमारे अडीच घटका नव्हे, अडीच तास लागतात!

विमान धावपट्टी सोडताच निरीक्षक तळाला कळवितो. चौकोनात शिरताना तो पुन्हा कळवितो आणि बाहेर पडतानाही कळवितो. याशिवाय ठरलेल्या वेळेला, बहुधा अर्ध्या अर्ध्या तासाने, 'सर्व ठीक' एवढाच निरोप जातो. हा निरोप दिसावयास क्षुल्लक आहे, पण त्याचे मोल मोठे आहे. तळावर बसलेला मनुष्य प्रत्येक निरोपाची वेळ वहीत टिपून ठेवतो. एखादा निरोप वेळेवर आला नाही की तो लगेच विमानाला हाक घालतो. उत्तर आले नाही तर दुसऱ्या विमानांना विचारतो. तरीही पत्ता लागला नाही तर शेवटच्या निरोपाची जागा आणि वेळ पाहून पुढील हालचाल सुरू करतो. दुसऱ्यांना शोधावयास गेलेली माणसे स्वतःच हरवू नयेत म्हणून हा पहारा असतो.

कधी कधी दरी इतकी खोल असते की तेथून कोणत्याच रिपीटरचे शिखर दिसत नाही. अशा वेळी आणखी एक विमान उंच आकाशात घिरट्या घालीत ठेवतात. शोध घेणे हे त्याचे काम नसते. दरीतील विमानाचे ऐकून तळाला सांगावयाचे आणि तळाचे ऐकून दरीतील विमानाला सांगावयाचे, एवढेच त्याने करावयाचे असते. येथे डोंगराची जागा विमान घेते आणि यंत्राची जागा माणूस घेतो. तासन् तास एकाच जागी घिरट्या घालणाऱ्या त्या विमानातील माणसांना खाली काय सापडले ते दिसतही नाही. तरीही निरोप शब्दशः पोहोचविणे, त्यात आपल्या पदरचे काही न घालणे आणि त्यातील काही न गाळणे, ही त्यांची निष्ठा असते.

रिपीटरवरून बोलणे हीदेखील एक शिकण्यासारखी कला आहे. प्रथम ऐकावे, दुसरा कोणी बोलत असेल तर थांबावे. काय सांगावयाचे ते आधी मनात जुळवावे. कळ दाबल्याबरोबर बोलू लागल्यास पहिला शब्द हरवतो, कारण सूर ओळखून रिपीटर जागा होण्यास क्षणभर वेळ लागतो. म्हणून कळ दाबून क्षणभर थांबावे आणि मग बोलावे. 'उजवीकडे वळा' यातील 'उजवीकडे' हाच शब्द गळाला तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको. बोलणे संपताच कळ सोडावी. कळ चुकून दाबलेली राहिली तर तेवढा वेळ सर्वांचे बोलणे खोळंबते. असे झाल्यास ठरावीक मुदतीनंतर रिपीटर आपण होऊन गप्प बसेल, अशी योजना त्याच्या नियंत्रकात केलेली असते. कळ सोडल्यावरही रिपीटरची लहर क्षणभर रेंगाळते. ती ऐकू आली की आपला आवाज शिखरापर्यंत पोहोचला, हे बोलणाऱ्यास कळते.

खरखरीत अक्षरे चुकू नयेत म्हणून प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी एक पूर्ण शब्द ठरलेला आहे. 'ए'साठी 'अल्फा', 'बी'साठी 'ब्राव्हो', 'सी'साठी 'चार्ली' असे हे शब्द १९५६ पासून जगातील सर्व वैमानिक वापरीत आले आहेत. 'बी' आणि 'डी' हे उच्चार कानाला सारखे वाटतात. 'ब्राव्हो' आणि 'डेल्टा' यांत मात्र कोणाचा घोटाळा होत नाही.

एवढी दक्षता कशासाठी, हे १९६७ सालच्या एका घटनेवरून ध्यानात येते. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात एक गृहस्थ, त्यांची पत्नी आणि एक मुलगी असे तिघेजण लहान विमानाने कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. बर्फाच्या वादळात त्यांचे विमान उत्तर कॅलिफोर्नियातील दुर्गम पर्वतात कोसळले. तिघेही त्या आघातातून वाचले. जखमी अवस्थेत ते गृहस्थ मदत आणण्यासाठी बर्फातून निघाले, ते परत आले नाहीत. मायलेकी विमानाच्या सांगाड्यात वाट पाहत राहिल्या. शोध झाला, पण ती जागा सापडली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका शिकाऱ्याला ते विमान दिसले, तेव्हा तेथे कोणीही जिवंत नव्हते. तेथे सापडलेल्या रोजनिशीवरून कळले की, त्या दोघी सुमारे दोन महिने तग धरून होत्या.

या घटनेने सर्वांची मने हेलावली. १९७० साली अमेरिकेत कायदा झाला आणि पुढे काही वर्षांतच बहुतेक लहान विमानांत संकटसूचक यंत्र बसविणे सक्तीचे झाले. विमान आदळताच हे यंत्र आपोआप लहरी सोडू लागते. १९८२ पासून कृत्रिम उपग्रह अशा लहरी टिपू लागले. आज हे काम ४०६ मेगाहर्ट्झ या कंपनसंख्येवर चालते; जुन्या १२१.५ मेगाहर्ट्झवरील लहरी ऐकणे उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केले. भारतही या आंतरराष्ट्रीय योजनेत सहभागी आहे. बंगळूर येथील केंद्रात उपग्रहांनी टिपलेले असे संदेश घेतले जातात. तथापि आघातात हे यंत्रच मोडले किंवा त्याचा एरियल तुटला तर आकाशातून काहीच ऐकू येत नाही. मग पुन्हा माणसाचे डोळे, लहान विमाने आणि डोंगरमाथ्यावरचे रिपीटर यांचाच आधार उरतो.

स्टीव्ह फॉसेट यांच्या बाबतीत असेच घडले. त्यांच्या विमानाची कोणतीही संकटसूचना मिळाली नाही. सुमारे एक महिना शोध चालला आणि ऑक्टोबर २००७ च्या आरंभी तो थांबविण्यात आला. पुढील वर्षी सिएरा नेव्हाडात भटकंती करणाऱ्या एका माणसाला त्यांची ओळखपत्रे सापडली. त्या खुणेवरून ऑक्टोबर २००८ मध्ये, सुमारे ३,००० मीटर उंचीवर, त्यांच्या विमानाचे अवशेष मिळाले. पर्वताच्या बाजूने खाली ढकलणाऱ्या जोरदार वाऱ्यांपुढे ते हलके विमान वर चढू शकले नाही, असा निष्कर्ष तपास करणाऱ्यांनी काढला. आघात इतका भीषण होता की, त्यातून कोणीही वाचणे शक्य नव्हते.

मग एक महिनाभर केलेले ते श्रम व्यर्थ गेले काय? शोधास निघालेल्या स्वयंसेवकांना हा शेवट ठाऊक नव्हता. खाली कोणीतरी जखमी मनुष्य विमानाच्या आवाजाकडे कान लावून बसला असेल, असे समजूनच त्यांना प्रत्येक दरी पाहावी लागली. १९६७ साली खरोखरच कोणीतरी तसे वाट पाहत बसले होते. म्हणून आजही एखादे विमान परतले नाही की सामान्य नागरिक आपला कामधंदा बाजूला ठेवून धावपट्टीकडे धावतात. विमान दरीत उतरते, निरीक्षक कळ दाबतो, क्षणभर थांबतो आणि म्हणतो, 'सर्व ठीक'. दूरच्या एका शिखरावर, वाऱ्यापावसात उभे असलेले ते मुके यंत्र जागे होते आणि ते दोन शब्द जसेच्या तसे पुढे पोहोचविते. तळावरचा मनुष्य वहीत वेळ लिहितो आणि पुढच्या निरोपाची वाट पाहू लागतो.